उतार कापू नकोस

पुणे

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. कोकणातल्या वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं तू आणि वहिनींनी ठरवलंत, वाचून फार बरं वाटलं. पण नकाशा बघितल्यापासून चैन पडत नाहीये, म्हणून लगेच लिहायला बसलोय. कंत्राटदार म्हणतो तसं जेसीबी लावून उतार कापायचा, खालच्या अंगाला भराव टाकायचा, संरक्षक भिंत घालायची आणि सपाट झालेल्या जागेवर पुण्यातल्यासारखा बंगला बांधायचा, हे कृपा करून करू नकोस. निदान हा एक पावसाळा थांब.

तुमच्या जागेत वर सगळा जांभा आहे. जांभ्यात पाणी मुरतं, खाली जातं आणि चिकणमातीचा थर लागला की तिथे अडून बाजूने वाट काढतं. आजोबांनी खणलेल्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं ना? ते त्याच वाटेने येत असणार. ती वाट कुठून जाते हे आज कोरड्या उतारावर उभं राहून कुणालाच सांगता येणार नाही. पाच-सहा फूट कापलंस आणि ती उघडी पडली, तर घराची मागची भिंत पावसाळाभर पाझरत राहील आणि विहिरीचं काय होईल ते आत्ता सांगता यायचं नाही. भरावाचं तर विचारूच नकोस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ताजा भराव बसायला किती वर्षं घेईल कोण जाणे. जुलै २०२१ मध्ये तळीये गावावर दरड कोसळली, ते आपण विसरलेलो नाही. सगळेच डोंगर तसे खाली येत नाहीत, पण कोकणात उताराला हात लावताना भीती वाटलीच पाहिजे.

मग घर बांधायचंच नाही का? बांधायचं, पण जागेला विचारून. अलिबागच्या दक्षिणेला, मुरूडच्या वाटेवर नांदगाव आहे. तिथल्या नारळाच्या वाडीत स्टुडिओ मुंबईचे वास्तुकार बिजॉय जैन यांनी २००७ साली एक घर पुरं केलं, पामायरा हाउस. घर खाजगी आहे, पण त्याचे आराखडे आणि फोटो मी इतके चाळलेत की डोळे मिटून काढून दाखवीन. नारळांच्या मधे जिथे मोकळीक मिळाली तिथे दोन लांबट दुमजली लाकडी इमारती उभ्या केल्या आहेत. त्या अगदी समोरासमोर नाहीत, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या आहेत. मधल्या जागेत पोहण्याचा तलाव. एकीकडून दुसरीकडे जायचं तर बाहेर, झाडांखाली यावंच लागतं. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा आणि पायथ्याला काळा दगड.

मला सगळ्यात आवडतात त्या तिथल्या भिंती. खरं तर त्यांना भिंती म्हणणंच कठीण आहे. ताडाच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक असतो, आतला भुसभुशीत. त्या टणक भागाच्या पट्ट्या काढून, आडव्या आणि तिरप्या बसवून, जमिनीपासून वरपर्यंत झडपा केल्या आहेत. त्यातून समुद्राचा वारा आत येतो आणि ऊन बारीक होऊन येतं. वर नारळाच्या झावळ्यांची सावली आहेच, म्हणून एवढ्या उघड्या घरात राहता येतं. झाडं तोडली असती तर हे घर राहण्याजोगं उरलंच नसतं. पाणीही वाडीतल्या विहिरींचं, टाकीच्या मनोऱ्यावर चढवायचं आणि तिथून आपल्या वजनाने घरात उतरवायचं. लाकडाचे सांधे इतके नेटके आहेत, की ज्या सुतारांनी ते बसवले त्यांची नावंही बिजॉय जैन यांच्या नावाइतकीच मोठ्या अक्षरात छापायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

त्याच पट्ट्यात, चोंढीला, त्यांचंच आंब्यांच्या झाडांमधलं दुसरं घर आहे. तिथे पावसात पाणी भरतं, म्हणून विहीर खणताना निघालेली माती आणि दगड घालून आधी जमीन उंच केली आणि मग वर घर बांधलं. खणणं एकच, पण विहीरही झाली आणि जोतंही.

आता हे वाचून सुताराला ताडाच्या पट्ट्या आणायला पाठवू नकोस! तुमच्याकडे ताड कुठे आहेत? तुमच्याकडे जांभ्याचा चिरा आहे. खाणीतून काढला तेव्हा करवतीने कापता येईल इतका मऊ, आणि हवा लागली की घट्ट होत जाणारा. चिऱ्याचं घर उतारावर दोन-तीन पायऱ्यांनी उतरवता येतं. वरच्या टप्प्यावर ओटी आणि माजघर, खाली स्वयंपाकघर, आणि विहिरीच्या बाजूला पडवी. प्रत्येक टप्प्याला स्वतःचं जोतं आणि मधल्या पायऱ्या घरातच. जमीन फक्त पायापुरती खणायची. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला घराच्या मागून दगडी गटार काढून दोन्ही अंगांनी वाट द्यायची, अडवायचं नाही.

आणि स्लॅब. तुमच्या रस्त्याला येताना दोन्ही बाजूंची नवी घरं आठव. किती घरांच्या स्लॅबवर पुन्हा लोखंडी सांगाडा उभा करून निळे-लाल पत्रे टाकलेत? आधी स्लॅबला पैसे, मग गळतीला वॉटरप्रूफिंगचे पैसे, शेवटी पत्र्याला पैसे. म्हणजे उतरतं छप्पर लागणारच होतं, ते तीनदा पैसे मोजून आलं. पहिल्यापासूनच उतरतं कौलारू छप्पर कर आणि पागोळ्या जोत्यापासून तीन-चार फूट लांब पडतील एवढं ते बाहेर काढ. पश्चिमेची झड भिंतीला लागली नाही तर चिरा तुला आयुष्यभर त्रास देणार नाही. कौलं दरवर्षी चाळावी लागतात, हे वहिनींचं म्हणणं खरं आहे, त्यासाठी माणसं मिळत नाहीत हेही खरं. पण आतून फळ्यांचं अस्तर दिलं तर त्यातला बराच त्रास कमी होतो.

वाडीच्या सभागृहाचंही तू विचारलंस. देऊळ एका दिशेला, रस्ता दुसरीकडे, म्हणून जागा वाकडी आहे, आणि ती सरळ करायला तिथला पार तोडावा लागेल असं मंडळी म्हणतात. मला लगेच ढाक्याची बैतुर रौफ मशीद आठवली. वास्तुकार मरिना तबस्सुम यांनी आपल्या आजीने दिलेल्या जागेवर ती बांधली, २०१२ साली पुरी झाली आणि २०१६ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तिथेही हीच अडचण होती. जागा रस्त्याला धरून, पण किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना तोंड करायची मक्केची दिशा त्याहून १३ अंशांनी फिरलेली. त्यांनी बाहेरचा विटांचा चौकोन जागेप्रमाणे ठेवला, त्यात एक गोल घातला, आणि त्या गोलाच्या आत प्रार्थनेची चौकोनी जागा किब्ल्याकडे वळवली. दोन आकारांच्या मधे उरलेल्या फटी आकाशाला उघड्या सोडल्या, तिथून उजेड आणि वारा आत येतो. जागेचा तिरकसपणा होता म्हणूनच ती उजेडाची जागा सुचली. शिवाय सगळं उंच जोत्यावर आहे, पुराचं पाणी आत येत नाही आणि नमाजाची वेळ नसेल तेव्हा गल्लीतली माणसं त्या जोत्यावर टेकतात. तुमच्या सभागृहालाही असं रुंद जोतं हवं. लग्नं वर्षात चार होतील, जोत्यावर माणसं रोज बसतील. पाराला मात्र हात लावू देऊ नकोस, सभागृह त्याच्याभोवती वळू दे.

पणजीला गेलास तर कांपालला कला अकादमीत चक्कर टाक. चार्ल्स कोरिया यांनी ती इमारत बसकी ठेवली आणि रस्त्यावरून थेट मांडवीकडे जाता येईल अशी सावलीची वाट तिच्या पोटातून काढली. नाटकाचं तिकीट नसलेल्या माणसालाही ती इमारत नदीपर्यंत नेते. हे मंडळींना प्रत्यक्ष दाखव. कोपरगावच्या शाळेतलं, समीप पडोरा यांचं २०१८ मधलं ग्रंथालयही मला फार प्रिय आहे. विटांचं पातळ, वळणदार छप्पर थेट जमिनीला येऊन टेकतं आणि मुलं त्यावरून चालत जातात. पण ते गोदावरीकाठच्या कोरड्या हवेत शोभतं. तुमच्या पावसात तसलं काही मागू नका.

आता कामाचं. सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाठव, आणि सर्व्हेअरकडून दर अर्ध्या मीटरची उंची घेऊन ठेव, झाडांच्या जागांसकट. मृग लागला की छत्री घेऊन जागेत फिर आणि पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठे आवाज करत जातं ते त्याच नकाशावर पेन्सिलीने मांड. श्रावणात मी येतो, दोन दिवस राहीन, आपण दोऱ्या लावून खोल्या जमिनीवरच आखू. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली नसलीस तर देऊ नकोस. दिली असलीस तर खाणीतून चिरे आणायच्या कामात ती वळती करून घे, त्याचीही अडचण व्हायला नको.

काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांना विचारून ठेव, पूर्वीच्या घराला उत्तरेकडे दार का नव्हतं. त्याचं काहीतरी कारण नक्की असणार.

तुझा,
श्रीधर