प्रवेश मिळाला, आता अभ्यासक्रम नीट निवड

सोलापूर,
रविवार, ७ जून २०२६

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र परवा पोहोचले. ब्रिटनमधील दोन विद्यापीठांनी तुला प्रवेश दिला, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! मात्र कर्जासाठी घर तारण ठेवण्याची तयारी काकांनी दाखवली आहे, असेही तू लिहिलेस; म्हणून हे पत्र जपून लिहीत आहे.

तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रके मी वाचली. नावे मिळतीजुळती असली तरी त्यांतला पहिला अभ्यासक्रम माध्यमांविषयी शिकवणारा आहे आणि दुसरा बातमीदार घडवणारा. पहिल्यात सिद्धांत, निबंध आणि शेवटी प्रबंध. त्याचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु तुला बातमीदारीच करायची असेल तर दुसराच घे. आपल्याकडून जाणारी अनेक मुले हा फरक तिथे पोहोचल्यावर ओळखतात आणि तोवर शुल्क भरून झालेले असते.

मी ब्रिटनमध्ये कार्डिफला पत्रकारिता शिकत होतो, तेव्हाचा न्यायालयातला पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. तिथे न्यायालयात छायाचित्र घेण्यास १९२५ च्या कायद्याने बंदी आहे आणि परवानगीशिवाय ध्वनिमुद्रणही करता येत नाही. त्यामुळे बातमीदाराचा सारा भरवसा वहीवर आणि हातावर असतो. माझ्या शेजारी स्थानिक वृत्तपत्राची एक तरुण बातमीदार बसली होती. वकील भरभर बोलत होते आणि ती मान वर न करता टीलाइन लघुलिपीत, बहुतेक स्वर गाळून, ओळीमागून ओळ उतरवून घेत होती. तिथल्या पत्रकार प्रशिक्षण परिषदेचा लघुलेखनाचा मान्य वेग मिनिटाला १०० शब्दांचा आहे. मी ६० वरच अडखळत होतो. संध्याकाळी बातमी लिहून दिली, तेव्हा शिक्षकांनी ‘चोर’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि शेजारी फक्त १९८१ हे साल लिहिले. त्या सालचा न्यायालय अवमान कायदा सांगतो, की एखाद्याला अटक झाली की खटल्यावर गंभीर विपरीत परिणाम होईल असे काही छापायचे नाही. आज इथल्या जिल्हा न्यायालयाची बातमी लिहितानाही ती लाल रेघ माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि गावभर ज्याला गुन्हेगार ठरवून मोकळे झालेले असतात त्याला मी ‘आरोपी’च लिहितो. एवढ्या एका सवयीसाठीही ते वर्ष सार्थकी लागले, असे मला मनापासून वाटते.

माहिती अधिकाराचेही तसेच. तिथे नगर परिषदेला ई-मेलवर अर्ज करायचा आणि २० कामकाजाच्या दिवसांत उत्तराची वाट पाहायची, हा आमचा गृहपाठ होता. इथे मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ३० दिवस थांबतो. पण नेमका प्रश्न कसा विचारावा, हे तिथेच शिकलो.

आता पैशांचे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते, हे तुला ठाऊक असेलच. परंतु स्वयंरोजगाराला मुळीच परवानगी नाही आणि मानधन घेऊन फ्रीलान्स लेख लिहिणे त्यातच मोडते, हे मला कोणी सांगितले नव्हते. उलट, “लेख लिहून खर्च सहज निघेल,” असे इथल्या एजंटाने छातीठोकपणे सांगितले होते. पुढे लंडनच्या एका संकेतस्थळाने सोलापूरच्या यंत्रमागांवर लेख मागितला, मानधनही चांगले देऊ केले, आणि मला नाही म्हणावे लागले. त्या रात्री मी फार अस्वस्थ होतो. ज्या विषयासाठी जीव तुटत होता, नेमका तोच लिहिता येईना! शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट रूट व्हिसावर फ्रीलान्स करता येते. मात्र १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी त्याची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर येत आहे आणि तुझा अर्ज त्यानंतरचाच असेल. शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी भरावा लागणारा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. काकांना हिशेब दाखवताना लेखांचे उत्पन्न शून्य धर.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. कान महिनाभरात तयार होतो. मराठी मात्र सोडू नकोस आणि तुझे तेलुगू तर अजिबात नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाया आपले दुखणे तेलुगूत जसे मोकळेपणाने सांगतात, तसे मला मराठीत सांगत नाहीत. मला दुभाषा लागतो, तुला लागणार नाही. स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनवी’ या वृत्तपत्राचे संपादक होते, हे लहानपणी आपण पाठ केले होते. या बहुभाषिक गावात पत्र चालवायचे म्हणजे काय, हे मला परतल्यावर खऱ्या अर्थाने उमगले.

जाण्यापूर्वी दोन दिवस इकडे ये. एक दिवस माझ्याबरोबर न्यायालयात बस, वही घेऊन, मोबाईल बंद ठेवून. रात्री दोन्ही माहितीपत्रके पुढे ठेवून एकेक विषय तपासू. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र