गस्तीचा रेनकोट आधी कानाने तपासावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायच्या सुमारास वनरक्षकांना रेनकोट वाटल्याच्या बातम्या आणि फोटो वर्तमानपत्रांत येतात. खरेदी कधी सरकारी असते, कधी एखादे मंडळ वर्गणीतून करते. हेतू चांगलाच असतो. फोटोतले रेनकोट मात्र बहुतेक वेळा मोटारसायकलवाल्यांचे असतात: चकचकीत, निळे किंवा काळे, पाठीवर चमकणारी पट्टी. रस्त्यावर ते उत्तम. कोयना-चांदोलीच्या रानात पायी गस्त घालणाऱ्याला मात्र ते अंगावर चढवून शंभर पावलेही गुपचूप चालता येणार नाहीत. यंदाची मागणी नोंदवण्याआधी काही गोष्टी संबंधितांपर्यंत पोचाव्यात म्हणून हे पत्र.

पावसाळ्यात रानातले रस्ते बंद होतात, गाडी जात नाही, ढगात दहा पावलांवरचे दिसत नाही. म्हणूनच चोरट्या शिकाऱ्याला हे दिवस सोयीचे. अशा वेळी वनरक्षकाचे खरे हत्यार म्हणजे त्याचे कान. कुऱ्हाडीचा घाव, कुत्र्याचे केकाटणे, भेकराचे भुंकणे, हे त्याला ऐकू यायला हवे आणि तो स्वतः कोणाला ऐकू जाता कामा नये. प्लास्टिकचा लेप दिलेल्या नायलॉनच्या दोन बाह्या अंगाला घासल्या की निघणारी सळसळ उंच पट्टीची असते. हरणांना तर माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडचेही आवाज ऐकू येतात. सांबराने एकदा पाय आपटून इशारा दिला की पलीकडच्या घळीत बसलेल्या माणसाला कळते, या बाजूने कोणीतरी येते आहे. गस्त तिथेच फुकट गेली. म्हणून या कामाच्या रेनकोटाची परीक्षा आधी आवाजाची, मग हवा खेळण्याची आणि त्यानंतर पाण्याची. बाजारात मात्र पहिला प्रश्न पाण्याचाच होतो आणि बहुधा तो शेवटचाही ठरतो.

आवाज न करणारे पावसाळी जाकीट ही गोष्ट नवी नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लाल हरणांच्या मागावर जाणाऱ्यांनी ती फार पूर्वीपासून घडवत आणली आहे. आपल्याकडे शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण हरणाला चाहूल न लागू देता ओल्या रानातून चालणे हे कौशल्य शिकाऱ्याला लागते तसेच रक्षकालाही लागते. तिथले लोक आधी जाड लोकरी ट्वीड वापरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचे दाट विणीचे सुती कापड तयार झाले. भिजले की त्याचे धागे फुगतात आणि विणीतल्या फटी बुजतात. त्यावर कसलाही लेप नसल्याने ते वाजत नाही. पुढे बाहेरून मऊ, लव असलेले विणलेले पॉलिस्टर, मध्ये जलरोधक पडदा आणि आतून जाळी किंवा पातळ कापड, अशी रचना आली. आज परदेशी कॅटलॉगात ‘शिकारीचे जाकीट’ म्हणून दिसते ते बहुधा हेच.

हेच कापड मागवून मोकळे व्हावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिथे लाल हरणांच्या माद्यांच्या शिकारीचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, म्हणजे ऐन थंडीतला. माणूस डोंगर चढतो आणि मग ओल्या गवतात पोटावर तासन् तास पडून राहतो. त्याला ऊब हवी असते. आपला वनरक्षक 24 अंशांच्या दमट हवेत चढ-उतार करत असतो. तेच लव असलेले जाड कापड इथे पाणी पिऊन जड होते, आतून माणूस घामाने निथळतो आणि संरक्षण कुटीत टांगलेले जाकीट दुसऱ्या सकाळी तसेच ओले सापडते.

घामाचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे याच बाबतीत वाया जातात. ‘श्वास घेणारे कापड’ म्हणून जे विकले जाते त्यातून वाफ आपोआप बाहेर पडत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक तिला बाहेर ढकलतो. 35 अंशांच्या ओल्या त्वचेपाशी हा दाब साधारण 5.6 किलोपास्कल असतो. स्कॉटलंडात बाहेर 5 अंश असतील तर हवा पूर्ण दमट असूनही तिथला दाब 0.9 च्या आत राहतो, म्हणजे फरक 4.7 चा. कोयनेच्या डोंगरात जुलैत 24 अंश आणि भरगच्च ढग असले की बाहेरचा दाब 3 च्या आसपास जातो आणि फरक उरतो 2.6. तेच जाकीट, तोच पडदा, पण बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ निम्मा. आता जाकिटाच्या चिठ्ठीवर वाफ बाहेर जाण्याचा आकडा असतो तो पाहा. ‘10,000 ग्रॅम’ म्हणजे प्रयोगशाळेत एका चौरस मीटरमधून 24 तासांत जाणारी वाफ. अंगावरचे कापड सव्वा चौरस मीटर धरले तर तासाला साधारण 520 ग्रॅम. चढावर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो. तेव्हा आपल्या हवेत नुसत्या कापडाच्या भरवशावर कोणी कोरडा राहणार नाही. वारा खेळवायलाच हवा.

आपल्या इरल्याला हे कळले होते. पाठ आणि डोके झाकलेले, पुढची बाजू मोकळी. भातलावणी करणारी बाई त्यात दिवसभर वाकून काम करते आणि उकडत नाही. धनगराची घोंगडीही आवाज करत नाही, भिजली तरी ऊब देते. फक्त ओली झाली की पेलवत नाही आणि लवकर वाळत नाही. जाळीतून वाकून चालणाऱ्याला ही दोन्ही साधने चालत नाहीत. पाँचोही नाही, तो कारवीत आणि करवंदीत अडकतो. पण इरल्यातला मोकळेपणा जाकिटात आणता येतो. काखेत किमान 30 सेंटिमीटरची, दोन्ही टोकांनी उघडणारी चेन असावी. पुढची चेनही वरून आणि खालून अशी दोन्हीकडून उघडणारी असावी, म्हणजे गळा बंद ठेवून खालून पोट मोकळे सोडता येते. चेनवर कापडाची पट्टी हवी आणि ती टिचबटणांनी बंद व्हावी. तिथे वेल्क्रो नको. वेल्क्रो उघडल्याचा चरचराट शांत रानात फार दूर जातो आणि पंधरा दिवसांत त्यात कुसळे भरून ते धरेनासे होते.

कापड तीन थरी घ्यावे, बाहेरून पीच फिनिशचे, म्हणजे हाताला किंचित मखमली लागणारे पातळ पॉलिस्टर. ते 70 डेनियरपेक्षा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) हलके नको, काटे टिकू देणार नाहीत. अडीच थरी, म्हणजे आत कापडाऐवजी नुसता लेप असलेले जाकीट वजनाला हलके आणि स्वस्त असते, पण आतला लेप उघड्या दंडाला चिकटतो आणि दप्तराच्या पट्ट्याखाली तो आधी झिजतो.

पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते झिरपू लागते, त्याचे हे माप. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला, एका गुडघ्यावर 35 किलो भार आणि टेकलेली जागा 50 चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब सुमारे 7,000 मिमी स्तंभाएवढा होतो. म्हणून 10,000 मिमी पुरे. 20,000 साठी जादा पैसे मोजण्याऐवजी ते शिलाईवर खर्च करावेत, कारण चांगल्या कापडाचे जाकीट गळते ते शिलाईतून, चेनमधून, मनगटातून आणि गळ्यातून. जाकीट उलटे करा. प्रत्येक शिलाईवर आतून टेप हवी, नुसती खांद्यावर असून भागत नाही. काखेत चार शिलाया मिळतात तिथे जादा ठिगळ आहे का पाहा. टेपच्या कडेला नख लावा. आजच उचकटत असेल तर श्रावणापर्यंत सुटून लोंबेल. दप्तराचा पट्टा बसतो त्या खांद्यावर शिलाईच नसेल तर सर्वांत चांगले.

जाकीट आतून ओले झाले म्हणजे ते गळते असे धरून पुष्कळ चांगली जाकिटे फेकली जातात. आधी ओल कुठे आहे ते बघावे. पाठ आणि छाती सारखी ओली असेल तर तो घाम. खांद्यापासून किंवा चेनपासून खाली उतरलेला ओलीचा पट्टा असेल तर ती गळती. तिसरा प्रकारही आहे. नवीन कापडावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, कारण वर पाणी झटकणारा लेप असतो. तो मळाने किंवा साबणाच्या अंशाने निकामी झाला की वरचे कापडच पाणी पिते. पडदा शाबूत असतो, पण वर पाण्याचा थर बसल्याने वाफ कोंडते आणि कापड अंगाला गार लागते. हा दोष धुलाईने जातो.

टोपीबद्दल खरेदीच्या अटींत सहसा काहीच नसते आणि अडचण तिचीच सर्वांत मोठी. टोपी कानावर आली की थेंबांचा ताशा वाजू लागतो आणि भेकराचा आवाज बुडतो. शिवाय मान वळवली तरी टोपी जागची हलत नाही, एक डोळा झाकला जातो. टोपी काढता येणारी असावी, मागे आवळायची दोरी असावी आणि सोबत रुंद काठाची जलरोधक हॅट द्यावी. गळा उंच असला की चालताना हॅट पुरते आणि कान मोकळे राहतात. हात वर करून दुर्बीण धरली की पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरते, त्यासाठी आत मऊ रबरी कापडाचा घट्ट कफ हवा.

रंग मळकट हिरवा किंवा मातकट घ्यावा. हरणांना लाल-नारिंगी नीट ओळखता येत नाही, निळा मात्र ठळक दिसतो. त्यामुळे निळा टाळायचा, आतल्या अस्तरालासुद्धा. चमकणारी पट्टी नाक्यावरच्या ड्यूटीला हवी. रात्रीच्या गस्तीत ती समोरच्याच्या बॅटरीत लख्ख उजळते. कोणी जखमी झाले तर शोधता यावे म्हणून खिशात नारिंगी कापडाचा हातभर तुकडा द्यावा.

निवड करताना एक नमुना मागवून दोन चाचण्या घ्याव्यात. शांत खोलीत एकाने जाकीट घालून हात पुढे-मागे हलवत चालावे, दुसऱ्याने दहा फुटांवर पाठ करून उभे राहावे. सळसळ ऐकू आली तर नमुना परत. हीच चाचणी जाकीट भिजवूनही करावी, काही कापडे ओली झाल्यावर जास्त वाजतात. मग खुर्चीवर ओले टॉवेल, त्यावर जाकिटाची बाहेरची बाजू खाली करून शिलाईसकट भाग, वर वर्तमानपत्राचा कोरडा कागद, आणि त्यावर एकाने गुडघा टेकून दहा मिनिटे भार द्यावा. कागदावर ओलीची रेघ उमटली तर ती कुठल्या शिलाईची ते लगेच दिसते.

एकच महागडे देण्यापेक्षा मध्यम किमतीची दोन द्यावीत, म्हणजे एक वाळत असताना दुसरे अंगावर राहील. ओले जाकीट गुंडाळून पेटीत ठेवले तर आपल्या दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा लेप पाण्याच्या रासायनिक क्रियेने तुटतो, चिकट होतो, सालपटे निघतात आणि आंबूस वास येतो. असे झाले की दुरुस्ती नाही. चुलीवर वाळवले तर टेपचा गोंद सुटतो. सावलीत, वाऱ्यावर, हँगरला लावून वाळवावे. धुताना 30 अंशांपर्यंतचे पाणी आणि साधा द्रव साबण वापरावा आणि दोनदा खळबळून काढावे. ‘जादा सफेदी’वाली पावडर नको, तिच्यातली उजळवणारी द्रव्ये हरणाच्या डोळ्याला निळसर चमकतात. कापड मऊ करणारे द्रावण तर मुळीच नको, ते पाणी झटकणारा लेप मारून टाकते. वाळल्यावर चिठ्ठीवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली की मोती पुन्हा उमटतात. नाही उमटले तर फवाऱ्याचा नवा लेप द्यावा. काट्याने पडलेले भोक स्पिरिटने पुसून आतून गोल कापलेले ठिगळ लावावे, कड सगळीकडून 2 सेंटिमीटर पुढे यावी. ठिगळाला कोपरे ठेवले तर तिथूनच ते उचकटते. कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर पॉलियुरेथेनचा गोंद त्यावर धरत नाही, ही चौकशी खरेदीच्या वेळीच करून ठेवावी.

शेवटचा मुद्दा मापांचा. वनरक्षकांत महिला मोठ्या संख्येने आहेत आणि जाकिटे येतात ती पुरुषी मापाची. खांदे उतरतात, कमरेला चेन लागत नाही, बाह्या बोटांवर येतात आणि काठी हातातून निसटते. माप घेताना आत गणवेश आणि एक पातळ स्वेटर घालून घ्यावे, लांबी बसल्यावर बैठकीखाली येईल इतकी धरावी. पँटला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चेन असावी, म्हणजे जळवांसाठीचे मोजे आणि बूट न काढता ती चढवता-उतरवता येते. मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्येक परिक्षेत्रातून ही मापे नावानिशी मागवली तर मे महिन्यात अदलाबदलीची धावपळ होणार नाही.

आपले,
पावसाळी कपड्यांची शिलाई व दुरुस्ती करणारे दोघे वाचक,
पाटण, जि. सातारा