अंदाजालाही मुदत हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माणसाची सवय आणि आसपासची परिस्थिती ओळखून सेवा देणाऱ्या फोनबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती चोरीला जाण्याची भीती त्यात नीट मांडली आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या शेजारचे दुखणे. माझी माहिती कुणी चोरली नाही. ती माझ्याच फोनमध्ये शिळी झाली आणि तिने मला कित्येक संध्याकाळी रडवले.

माझी थोरली बहीण ११ आठवडे रुग्णालयात होती. रात्री मी तिच्या उशाशी असायची. दिवसा घरी येऊन आंघोळ, कामे उरकायची आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा निघायची. फोन रात्रभर तिच्या पलंगाशेजारच्या कपाटावर, चार्जिंगला लावलेला. ताई गेली. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सव्वासहाला फोनचा पडदा उजळला: ‘निघायची वेळ झाली. घरी पोहोचायला २६ मिनिटे लागतील.’ मी माझ्याच घरात बसले होते. नकाशा उघडला तर घराचे चिन्ह त्या रुग्णालयावर होते.

फोन असे का समजला, हे ताईच्या मुलाने मला समजावून सांगितले. तो सॉफ्टवेअरच्या कामात आहे. फोनमधला हालचालीचा सेन्सर सेकंदाला अनेक वेळा नोंद घेतो. जीपीएस, आसपासचे वायफाय, उजेड, चार्जिंगची वेळ हे सगळे त्याला जोडता येते. एकेक नोंद क्षुल्लक असते. त्यांची मोळी बांधली की निष्कर्ष निघतो. रोज रात्री एकाच जागी, हालचाल नाही, अंधार, तेच वायफाय, म्हणजे हे घर. खरे सांगायचे तर त्या ११ आठवड्यांसाठी तो अंदाज फारसा चुकीचाही नव्हता. आणि त्याच ओळखीने फोन रात्री आपोआप मुका व्हायचा, ताईची झोप मोडायची नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. म्हणूनच या सेवा नकोत असे मी म्हणत नाही.

भाच्याने ठिकाणांचा जुना इतिहास पुसून दिला. मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तीच सूचना. इतिहास एकीकडे साठवलेला आणि त्यातून काढलेले ‘घर’ दुसरीकडे. कच्च्या नोंदी गेल्या, निष्कर्ष राहिला. तो शेवटी सापडला चौथ्या पडद्यावर, भलत्याच नावाच्या यादीत.

मी ३१ वर्षे एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केले. कुठला कागद कायम ठेवायचा, कुठला काही वर्षे आणि कुठला वर्षभरातच काढून टाकायचा, हे नस्ती (फाइल) आमच्याकडे येतानाच ठरलेले असायचे. मुदत संपलेले कागद वेगळे काढण्याला आम्ही निंदणीकरण म्हणायचो, शेतातले तण काढतात तसे. चुकीची नोंद सापडली तर तिच्यावर लाल शाईची रेघ, शेजारी दुरुस्ती, खाली सही आणि तारीख. शिवाय त्या नोंदीवरून पुढे ज्या ज्या नोंदी झाल्या असतील त्याही शोधून काढायच्या. हे शेवटचे काम सगळ्यात किचकट. ते टाळले की चूक दुसऱ्या रजिस्टरमध्ये जिवंत राहायची. माझ्या फोनमध्ये नेमके तेच झाले.

फोनमधल्या प्रत्येक अंदाजावर तो कशावरून काढला, कधी काढला आणि कधीपर्यंत धरायचा, हे लिहिलेले का नसावे? मी चालते आहे की बसले आहे, ही नोंद काही मिनिटांत निरुपयोगी होते. घर कुठे, हे महिनोन्महिने टिकेल; पण तीही कायमची बाब नाही. मला सर्वांत खटकते ते असे की ताजी माहिती फोनच्या हाताशी होती. ताई गेल्यानंतर मी त्या जागी एकही रात्र गेले नाही, हे त्याला दर क्षणी कळत होते, तरी जुन्या निष्कर्षाला धक्का लागला नाही. प्रत्यक्ष क्षणाला साजेशी सेवा द्यायची म्हणून एवढे सेन्सर चालू ठेवायचे, आणि शब्द मात्र गेल्या महिन्याचा प्रमाण मानायचा!

‘जुनी माहिती असू दे, कधीतरी लागेल, तिच्यावरचे माणसाचे नाव तर काढूनच ठेवतो,’ असे या धंद्यातले लोक म्हणतात, असे भाचा सांगत होता. नाव काढून भागत नाही. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या वावराचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुठे आणि केव्हा, अशा फक्त चार नोंदींवरून त्यातली ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी ओळखता येत होती.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत कर्मचारी छातीवर एक बिल्ला लावत. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली खूण पाठवायचा, म्हणजे माणूस ज्या खोलीत असेल तिथल्या फोनवर त्याचा कॉल वळवता येई. त्याची माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. बॅटरी वाचावी म्हणून तो बिल्ला अंधारात बंद पडायचा. खणात ठेवला की गप्प. इतकी साधी सोय मला त्या संध्याकाळी हवी होती.

प्रत्येकाला जुने पुसायचेच असेल असेही नाही. एखाद्याला तोच रस्ता, तीच वेळ जपून ठेवावीशी वाटेल. म्हणून परस्पर पुसूही नये, विचारावे. ‘बरेच दिवस तुम्ही इथे आला नाहीत, हे अजून तुमचे घर आहे का?’ एवढा एक प्रश्न पुरला असता.

आपल्या वाचकांत असे सॉफ्टवेअर लिहिणारी मुलेमुली नक्की असतील. फोनने आपल्याविषयी काढलेले सगळे निष्कर्ष एकाच यादीत, तारखेसह दिसावेत आणि खोडता यावेत, एवढे त्यांनी करावे. तोवर हे निष्कर्ष कुठे शोधायचे आणि कसे बदलायचे, हे पुरवणीतल्या एखाद्या लेखात पायरीपायरीने छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक
(निवृत्त अभिलेखपाल)