सायलीस, महिन्यानंतरच्या डोळ्याच्या तपासणीबद्दल

वडगाव, बेळगाव
रविवार रात्र

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

"मागच्या वेळी काही निघालं नाही, आता परत गेले तर वेडी म्हणतील," असं तू आईला म्हणालीस म्हणे. आईनं ते मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी एक बोलतो, तू "हो बाबा, हो बाबा" करतेस, मग माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. डोळ्याबद्दल एकदाच लिहीन आणि सोडून देईन, असं आईला कबूल केलंय.

डोळ्यापुढं ठिपके दिसले म्हणून तू गेलीस, तेव्हा तुझ्या डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला, मागचा पडदा बघितला आणि ठीक आहे म्हणाले. ते ठीकच असणार. पण महिन्यानं परत ये, असंही म्हणाले होते की नाही? ते उगाच म्हणत नाहीत.

मी शुक्रवारी टिळकवाडीला जाऊन आलो, माझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. आईला बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं. बाईंनी नीट बसवून समजावलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. वय झालं की तो आक्रसतो, आणि तुझ्यासारखा मायनस आठ नंबर असला की तरुणपणीच. त्यातल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते, तेच तुझे ठिपके आणि तीच तुझी जाळी. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं. पण जेली सुटताना कधी कधी पडद्याला ओढ बसते आणि चीर जाते. पावसाळ्यात आपल्या मागच्या खोलीच्या भिंतीला कसा पोपडा धरतो, एका फटीतून ओल शिरते आणि हळूहळू अख्खा पापुद्राच सुटतो, तसं. चीर असतानाच सापडली तर लेझर मारून भोवतीची कड पक्की करतात, त्याच दिवशी माणूस घरी. पडदा सुटला तर मात्र ऑपरेशन, आणि मधला भाग सुटला तर नजर पहिल्यासारखी येईलच असं नाही. ही चीर पहिल्या तपासणीनंतरसुद्धा पडू शकते. म्हणून दुसरी तपासणी. समजलं?

तू आपल्या घरातल्या अण्णांना काळ्या चष्म्यातच बघितलंस. त्याआधीचे अण्णा वेगळे होते गं. उद्यमबागेत फौंड्रीत साचे करायचे, आणि साच्यात केसाएवढी भेग असली तरी लांबून ओळखायचे. एकदा म्हणाले, खालच्या कोपऱ्यात अंधार येतोय, चष्मा बदलायला झाला वाटतं. दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता. पडद्याला दुखतच नाही, हे तेव्हा घरात कुणाला माहीत? गणपती होऊन जाऊ देत, म्हणाले. मिरजेला नेईपर्यंत अंधार मधोमध आला होता. पुढं एका डोळ्यानं चहा ओतताना बशीच्या बाहेर सांडायचे आणि काकूवर ओरडायचे, बशी कुणी हलवली म्हणून. आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. तेवढ्या डोळ्यावर त्यांनी मला लेथ शिकवला. मायक्रोमीटर माझ्या हातात द्यायचे आणि आकडा मला वाचायला लावायचे. मला वाटायचं परीक्षा घेतायत.

अण्णांचं हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? घरात कुणाला झालं होतं का, हे त्यांना कळायला हवं.

आता तू म्हणशील, बाबा, तुम्हीच घाबरवताय. तसं नाही. नीट ऐक. एकाएकी नवे ठिपके, पुष्कळसे, काजळी उडाल्यासारखे दिसले, डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होऊ लागलं, कुठल्याही बाजूनं सावली सरकत आली किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी जायचं. मीटिंग असो, रविवार असो. डोळा लाल होऊन जोरात दुखला, दिव्याभोवती वलयं दिसली, उलटी आली, तरी त्याच दिवशी. मेडिकलवाल्याकडून थेंब आणून घालत बसायचं नाही. त्यात स्टेरॉइड असलं आणि ते बरेच दिवस घातलं, तर डोळ्याचा दाब वाढतो. आमच्या शेडमध्ये ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला की शेजारचा गडी रुमालाचं टोक पिळून काढायचा, आणि आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो! असले उस्ताद तुझ्या ऑफिसातही असतील.

झालं बघ, परत शाळा सुरू केली मी. माफ कर. तू काही लहान नाहीस.

पण दुसरी बाजूही विचारून आलोय, ती फक्त तुझ्यासाठी. पापणी लवते, ती बहुतेक वेळा जागरणानं आणि चहा-कॉफीनं. बारावीला तुला त्यावरून मेंदूचा आजार झाला होता, आठवतं? स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या कमी मिटतो, म्हणून संध्याकाळी डोळे चुरचुरतात. जुनेच ठिपके पांढऱ्या भिंतीवर, आभाळाकडे बघताना जास्त दिसतात, आणि शोधत बसलं की आणखी दिसतात. तू रात्री दिवा लावून भिंतीकडे बघत बसतेस, असं तुझी रूममेट आईला सांगत होती. तिच्यावर रागावू नकोस. बाईंनी एक युक्ती सांगितली. सकाळी एकदाच, एक डोळा झाकून कॅलेंडर वाचायचं, मग दुसरा. कालच्यासारखंच दिसलं आणि वर सांगितलेलं काही नवं झालं नाही, तर दिवसभर विषय बंद. फोनवर शोधणंही बंद.

तुझं हे वाचत बसणं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू लेन्सचे सगळे प्रकार वाचून आलीस. बाईंना असे प्रश्न विचारलेस की त्या मला म्हणाल्या, मुलगी डॉक्टर आहे का? मी नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. शेडमध्ये अजून सांगतो.

म्हणून सांगतो, वेडी कुणी म्हणत नाही. काही निघालं नाही तर तपासणी वाया गेली असं नसतं. मागच्या वेळी तू गेलीस ते बरोबरच केलंस, आता बोलावलंय म्हणून जायचं. एवढंच.

बुधवारी रात्रीच्या बसनं मी निघतो. नको म्हणू नकोस, तिकीट काढून झालंय. गुरुवारी सकाळची वेळ घे. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, तेव्हा स्कूटर घरीच ठेव. आपण रिक्षानं जाऊ. आई कुंदा पाठवतेय, तो मैत्रिणींना वाटून संपवू नकोस.

तुझा
बाबा

ता. क. आई विचारते, पत्रात डोळ्याशिवाय काही लिहिलं का. बंड्याला मुलगी झाली, दोघीही ठीक आहेत. आणि ती चमक दिसली होती ती उजव्याच डोळ्यात ना? परत दिसली तर गुरुवारची वाट बघू नकोस, रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर आणि तशीच दवाखान्यात जा.