सायकलचा चिमटा उलटा दिसला तर सांगायचं की नाही?

मा. संपादक साहेब,

फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे सकाळी सायकल चालवणारे आजकाल खूप दिसतात, शाळेचे पोट्टे तर विचारूच नका, आणि चांगलंच आहे ते. पण यातल्या कितीतरी नव्या सायकली चुकीच्या जोडलेल्या असतात, बघणाऱ्याला ते कळतं, तो सोबतच्याला दाखवतो, पण जो चालवून राहिला त्याला कोणी बोलत नाही. ज्या चुकीनं माणूस पडू शकतो ती तिथल्या तिथं सांगितलीच पाहिजे, ओळख असो नसो.

उलटा चिमटा घ्या. चिमटा म्हणजे हॅन्डलखालचा दोन पायांचा भाग, ज्यात पुढचं चाक बसतं. सायकल खोक्यात येते तेव्हा जागा वाचवायला हॅन्डल ढिलं करून चिमटा फिरवून ठेवलेला असतो, जोडणारा तो सरळ न करता तसंच हॅन्डल कसून टाकतो. ओळखायला सोपं आहे, पुढचा व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, चिमट्याच्या पुढच्या बाजूला पाहिजे, तो मागं फ्रेमकडे तोंड करून असला की समजायचं चिमटा उलटा आहे, आणि डिस्क ब्रेक असेल तर पुढची डिस्क, म्हणजे चाकाच्या मधोमधची चकती, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला पाहिजे. उलट्या चिमट्यानं पुढचं चाक काही सेंटिमीटर मागं येतं, मग वळताना पायाची बोटं टायरला लागतात आणि हॅन्डलही नीट वळत नाही. लहान पोराला वाटतं सायकल अशीच असते, त्याला कसं कळणार?

तेलंगखेडीच्या चढावर एका वडिलांना मी हे सांगितलं, ते म्हणाले दुकानातूनच फिट करून दिली जी. मग मी म्हटलं हॅन्डल वळवून पायडल पुढं घेऊन बघा, पोराचा बूट टायरला घासला तसं त्यांनी त्याला खाली उतरवलं आणि सायकल हातात धरून घेऊन गेले. रागावले वगैरे काही नाही. लोकं उगाच म्हणतात की आपण कोण सांगणारे, समोरच्याला वाईट वाटेल.

दुसरं क्विक रिलीज, म्हणजे पान्ह्याशिवाय चाक काढता-बसवता येणारी दांडी. पुढच्या चाकाची ती दांडी नटासारखी गोल फिरवून आवळायची नसते, ती दाबून बंद करायची असते, अर्ध्यावर आली की जोर लागला पाहिजे आणि तळहातावर वळ उठला पाहिजे. नुसती फिरवलेली असली तर चाक कधीही ढिलं होऊ शकतं, आणि आपल्या सिमेंट रोडच्या जोडावर केवढे दणके बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पायडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं तरी अदलाबदल करून पान्ह्यानं जबरदस्ती बसवतात, क्रँकचे, म्हणजे ज्या दांडीत पायडल बसतं तिचे, आटे जातात आणि पायडल एक दिवस पायाखालून निखळतं. सीटच्या दांडीवर खूण असते, ती बाहेर दिसत असेल तर दांडी फ्रेममध्ये पुरेशी आत नाही, पोरगं उंच झालं की घरचे दांडी वर ओढत जातात आणि खुणेकडे बघत नाहीत.

टायरची नक्षी उलटी आहे, सीट थोडी वाकडी आहे असल्या गोष्टी मात्र सोडून द्याव्या, त्यानं कोणी पडत नाही आणि प्रत्येक गोष्टीत बोट घातलं तर महत्त्वाचं सांगितलेलं पण लोकं ऐकत नाहीत. आणि पोट्ट्याला त्याच्या मित्रांसमोर नाही सांगायचं, बाजूला घेऊन सांगायचं, सोबत मोठं माणूस असेल तर त्यांना, आणि विचारल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही.

दुकानदारांना पण विनंती आहे, जूनच्या गर्दीत नवीन पोरगा दिवसभर सायकली जोडत असतो हे मान्य, पण गिऱ्हाइकाला देण्याआधी एकानं तरी ती चालवून, ब्रेक मारून बघावी. ऑनलाइन मागवलेल्या सायकलचं पुढचं चाक, हॅन्डल, पायडल बहुतेक वेळा घरीच बसवावं लागतं, जमत नसेल तर जवळच्या मिस्त्रीकडून बसवून घ्यावं, त्यात कंजुषी नको.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधी तुम्ही बरोबर आणि चूक अशी दोन-चार चित्रं छापली तर फार उपयोग होईल. जागा कमी असेल तर निदान उलट्या चिमट्याचं तरी छापा.

– एक सायकलवाला वाचक, प्रतापनगर, नागपूर