डोंगराच्या परवान्यालाही सोडत हवी

महोदय,

पावसाळी गर्दी आवरण्यासाठी जंगलवाटांवर रोजची माणसं मोजून ऑनलाइन परवाने देण्याला माझा विरोध नाही. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर रविवारी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकले, की खोबणीत बोटं रोवून किती वेळ उभं राहावं लागतं, हे मी अनुभवलं आहे. तक्रार आहे ती परवाने वाटण्याच्या पद्धतीबद्दल.

गेल्या पावसाळ्यात एका वाटेची (नाव मुद्दाम देत नाही) नोंदणी सकाळी दहाला उघडणार होती. मी मोबाइलवर, मुलगी लॅपटॉपवर. सहा जणांची नावं, वयं, आधार क्रमांक भरून ओटीपीची वाट बघत बसलो. तो आला दहा वाजून चार मिनिटांनी. तोवर पडद्यावर ‘कोटा पूर्ण’. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्याच तारखेची जाहिरात आली: परवान्यासह खात्रीची जागा, दर दुपटीहून जास्त. तत्काळ तिकिटाचा खेळ डोंगरावर पोचला म्हणायचा!

हे दुखणं आपलंच नाही. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या कातळडोंगरावर शेवटचे 400 फूट पोलादी दोर धरून चढावं लागतं. तिथली गर्दी जिवावर बेतू लागली म्हणून 2010 मध्ये शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांसाठी परवाना आला, 2011 मध्ये रोजच. पद्धत आपल्यासारखीच, आधी येईल त्याला. परवाने काही मिनिटांत संपायचे आणि मग इंटरनेटवर चढ्या भावाने विकले जायचे. 2012 पासून तिथे सोडत आहे. मार्चभर कधीही अर्ज करा, पसंतीच्या तारखा एकाहून जास्त द्या. अर्जात फार तर सहा जण, गटप्रमुखाचं आणि त्याच्या एका पर्यायी माणसाचं नाव परवान्यावर, आणि दोघांपैकी कुणीच ओळखपत्रासह हजर नसेल तर परवाना रद्दी. एकाच माणसाचे दोन अर्ज सापडले तर तेही बाद. रोजची मर्यादा सुमारे 300. महिनोन्‌महिने आधी रजा ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी दोन दिवस आधी वेगळी छोटी सोडत असते.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती नावाची अट. ती नसेल तर सोडत काढूनही दलाल राहणारच. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज टाकणारेही असतील. म्हाडाच्या सोडतीत काय कमी टाकतात? पण निदान नेटचा वेग आणि बोटांची चपळाई यांवर निकाल लागणार नाही. म्हाडाच्या घरांसाठी आपण सोडत मान्य केली आहे, तर एका दिवसाच्या डोंगरासाठी का नको?

एक गोष्ट मात्र अमेरिकेकडून घेऊ नये, ती म्हणजे सगळं ऑनलाइन. काही जागा पायथ्याच्या गावात, वन विभागाच्या चौकीवर, आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. एसटीने मुक्कामी येणारी कॉलेजची पोरं गावातच जेवतात, गावातलाच वाटाड्या घेतात. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नसतं, आणि त्या दऱ्यांत मोबाइलला रेंजही नसते.

वन विभागाने पुढच्या हंगामात एखाद्या तरी वाटेवर हे करून पाहावं.

– एक डोंगरवेडा वाचक, नाशिक