मिठागरातल्या मावशींचं नाव

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि चोवीस फोटोंचं पाकीट गुरुवारी मिळालं. संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि काउंटरवर सगळे फोटो मांडून बसलो. पेणच्या मिठागरातला तो पहाटेचा फोटो हातातून सुटेना. मावशींच्या डोक्यावर मिठाची पाटी आहे, मान ताठ, नजर सरळ तुझ्याकडे. पायाच्या भेगांत मिठाचे कण चमकतायत. गड्या, असा फोटो आयुष्यात एखादाच मिळतो.

तू विचारलंयस की प्रदर्शनात फोटोखाली त्यामागची गोष्ट लिहावी की नुसते फोटो टांगावेत. चांगल्या फोटोला शब्दांचा टेकू कशाला, असं तिकडे कुणी म्हणालं म्हणून तू अडलायस. मला वाटतं, लिही. पण लिहायला बसण्याआधी एक काम कर. ते काय, हे सांगायचं तर २०१९ च्या महापुरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती तुला मी आजवर सांगितली नव्हती.

त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फुटांची, म्हणजे बघ. मी शिरोळ तालुक्यात कॅमेरा घेऊन फिरत होतो. एका गावाच्या वेशीवर बोट लागली आणि त्यातून पन्नाशीची एक बाई उतरली. नखशिखांत भिजलेली, छातीशी चादरीचं गाठोडं घट्ट धरलेलं, डोळे बारीक केलेले. मी तीन फोटो काढले. ती पुढं गेली, मी दुसऱ्या बोटीकडं वळलो. एका वर्तमानपत्रातून फोन आला, फोटोत काय आहे विचारलं, आणि मी सांगून टाकलं, "सगळं गेलंय बाईचं, एवढं गाठोडंच उरलंय." दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं. फोटो गावोगाव फिरला. लोक हळहळले, माझं कौतुक झालं, आणि मी तो मोठा करून दुकानात लावला.

दोन वर्षांनी एक मुलगी पासपोर्टचा फोटो काढायला आली. भिंतीकडं बघून म्हणाली, "ही आमची आत्या." मग सगळं कळलं. आत्याचं घर माळावर आहे, तिथं पाण्याचा थेंब आला नव्हता. खाली गावात तिची विधवा जाऊ म्हशी सोडून निघायला तयार नव्हती, तिला आणायला आत्या स्वतःहून बोटीत बसून गेली होती. जाऊ म्हणाली, देव पाण्यात सोडून मी येणार नाही. म्हणून देव्हाऱ्यातले टाक चादरीत बांधून आत्यानं छातीशी धरले. ती रडतही नव्हती, पावसाच्या माऱ्यानं डोळे बारीक झाले होते. फोटो छापून आल्यावर पाहुणे तिला साड्या आणि धान्य घेऊन भेटायला आले, ते तिच्या फार जिव्हारी लागलं. "मी माणूस आणायला गेले आणि मलाच बिचारी केलं," असं ती अजून म्हणते.

बाळू, मी खोटा फोटो काढला नव्हता. पण गोष्ट खोटी सांगितली. आणि खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा किती मोठी होती! मला फक्त चार पावलं तिच्यामागं जाऊन विचारायचं होतं, "ताई, गाठोड्यात काय आहे?"

तेव्हापासून मला अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिआ लँगचा तो प्रसिद्ध फोटो वेगळा दिसायला लागला. 'मायग्रंट मदर', पोटासाठी भटकणारी आई आणि तिला बिलगलेली मुलं, आपण दोघांनी पहिल्यांदा तुझ्या खोलीवर पाहिला होता. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ होता. लँग महिनाभराचं काम आटोपून घरी निघाली होती, तळाची पाटी दिसूनही ती पुढं गेली, आणि वीस मैलांवरून गाडी वळवून परत आली. ते परत वळणं मला फार थोर वाटतं. मोजके फोटो काढले, जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबली. त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही, हे तिनंच पुढं १९६० मध्ये लिहिलं. बाई बत्तीस वर्षांची आहे आणि पोटासाठी गाडीचे टायर विकून बसली आहे, असंही तिनं लिहिलं.

फोटो छापून आल्यावर त्या तळावर हजारो किलो अन्न पोचलं. पण तोवर ही बाई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती.

तिचं नाव जगाला १९७८ मध्ये कळलं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. मूळची चेरोकी, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजातली, हेही तोवर कुणाला माहीत नव्हतं. तिची मुलं म्हणाली, टायर विकलेच नव्हते, गाडी बिघडली होती आणि घरातले पुरुष ती दुरुस्त करायला गावात गेले होते. फ्लॉरेन्सची तक्रार तर सरळ होती. माझं नाव विचारलं नाही, फोटो विकणार नाही म्हणाली, एक प्रत पाठवते म्हणाली, ती कधी आली नाही. लँग तेव्हा जाऊन तेरा वर्षं झाली होती, तिची बाजू आता कोण सांगणार? तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो फोटो सरकारी नोकरीत काढलेला, त्यातून तिलाही काही मिळालं नाही. कदाचित टायरची गोष्ट दुसऱ्याच कुणाची असेल आणि वहीत सरमिसळ झाली असेल. दिवसभर फिरून आल्यावर असं होतं, तुला माहीत आहे. मला सलतं ते एवढंच, की बेचाळीस वर्षं ती बाई स्वतःचा चेहरा सगळीकडं बघत राहिली आणि खाली दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट होती.

पुढं १९८३ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा मुलांनी लोकांना मदत मागितली. पैशाबरोबर दोन हजारांवर पत्रं आली. ती वाचल्यावर मुलांना त्या फोटोचा पहिल्यांदा अभिमान वाटला. आईची गोष्ट लोकांपर्यंत पोचली होती, एवढाच त्यातला फरक.

आणि याच्या उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आठवतं ना? एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड, आणि बोटांच्या फटीतून लालसर उजेड चेहऱ्यावर. माझ्या आजोळी त्याचं कॅलेंडर होतं. कित्येक वर्षं लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगत राहिले. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, हे चित्र १९४५-४६ चं! चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं. तू जलरंग हाताळलेस, तुला वेगळं सांगायला नको. तैलरंगात चुकलेलं झाकता येतं. इथं उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद, एकदा ब्रश ओलांडून गेला की तो उजेड परत येत नाही. त्या बोटांच्या कडा बघ, नखाच्या शेजारी केवढीशी रेघ उजळ सोडली आहे. तिथं हात जराही हलला असता तर सगळा कागद वाया होता.

चित्रातली मुलगी म्हणजे त्यांची लेक गीता. दिवाळीत हातात दिवा घेतलेली ती वडिलांना दिसली आणि त्यांनी तिला तशीच उभी केली. तीन-तीन तास न हलता उभं राहावं लागायचं, हे तिनं स्वतः सांगितलंय. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, आपल्या कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. इतकी वर्षं एकाच गावात राहून मी कधी त्यांच्या पाया पडायला गेलो नाही, याची खंत आहे. पण त्यांच्या तोंडून आलेली ती गोष्ट ऐकल्यापासून चित्रात मला आधी तिचा अवघडलेला दंड दिसतो, मग दिवा. चित्र त्यानं कमी झालं नाही.

म्हणून म्हणतो, तुझ्या चोवीस फोटोंखाली गोष्टी हव्यात. पण त्या घरी बसून, आठवणीतून लिहू नकोस. मिठावर परत जा. त्या मावशींचं नाव विचार, ते छापलेलं चालेल का हेही विचार. पाटीचं वजन विचार, पायाला रात्री काय लावतात ते विचार. त्या म्हणतील तेच, त्यांच्याच शब्दांत लिही. त्यांना तो फोटो लावलेला नको असेल तर काढ, कितीही चांगला असला तरी काढ. तेवीस पुरतात.

मी आत्यांकडं जाऊन आलो. फोटो नेला होता, हात जोडून चूक कबूल केली. त्यांनी बराच वेळ फोटो बघितला, मग तो बाजूला ठेवून देव्हाऱ्यातले टाक दाखवायला मला आत नेलं. फोटो अजून माझ्या दुकानात आहे, त्यांनीच राहू दे म्हटलं. खाली आता लिहिलंय, "जावेला आणि तिच्या देवांना घेऊन येताना." नाव लिहू नका म्हणाल्या, म्हणून नाही लिहिलं.

मावशींसाठी दहा बाय बाराची एक प्रत मीच काढून ठेवतो, मॅट पेपरवर, मिठाचा पांढरा त्यावर चांगला उतरतो. निगेटिव्ह स्कॅन करून पाठव. काळं जराही गडद करू नकोस, भेगा दिसल्या पाहिजेत.

वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. पेणहून आलास की लगेच कळव.

तुझाच,
दिनू